चौथीतल्या मुलाची डिस्लेक्सियाची तपासणी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ | ७ जुलै, रात्री ११:१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, यंदा चौथीत गेला. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. शाळा मराठी माध्यमाची, गणित इंग्रजीतून. बोलायला मुलगा चुणचुणीत आहे. आजीने सांगितलेली गोष्ट एकदा ऐकली की महिन्याभराने जशीच्या तशी सांगतो, मधल्या बोलण्यासकट. नदीवर कुठला पक्षी कधी येतो ते त्याला ठाऊक असतं. सायकलची चेन पडली की गल्लीतली मोठी मुलं याला हाक मारतात.

पण पुस्तक उघडलं की त्याचा आवाज जातो. 'आई बाजारातून आली' हे 'आई बाजार... आला' असं वाचतो आणि पुढचं चित्र बघून अंदाजाने सांगतो. पहिल्या ओळीत कसाबसा वाचलेला 'शेतकरी' तिसऱ्या ओळीत त्याला पुन्हा नवा असतो. ब आणि व, म आणि भ, घ आणि ध यांत रोज गल्लत. लिहिताना काना-मात्रा गळतात. 'पाऊस' हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला आहे, वही माझ्यासमोर आहे. त्रेपन्न म्हटलं की ३५ लिहितो. श्रुतलेखन असेल त्या सकाळी त्याचं पोट दुखतं. ते सोंग नाही, एकदा उलटीही झाली.

बाई म्हणतात, लक्ष देत नाही, घरी अभ्यास घ्या. घेतेच की. रोज दोन-दोन तास. दुसरीत वाटलं होईल हळूहळू, तिसरीत शिकवणी लावली. सासूबाई म्हणतात, याचा बापही असाच होता, सहावीपर्यंत धड वाचता येत नव्हतं. मिस्टर अजूनही पेपर ओळीवर बोट ठेवून वाचतात, हे मला परवा पहिल्यांदा जाणवलं.

मागच्या मंगळवारी मी त्याला मारलं. 'घर' आणि 'धर' वरून. तो रडला नाही. पुस्तक पालथं घातलं आणि गोठ्यात जाऊन बसला. त्या रात्री मी मोबाईलवर शोधत बसले आणि डिस्लेक्सिया हा शब्द सापडला, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं ती अडचण.

मला विचारायचं आहे की तपासणी नक्की कुणाकडे करतात? सरकारी दवाखान्यात होते का? किती वेळा जावं लागतं, सोबत काय न्यायचं? आणि शाळेला कळलं तर त्याला काढून टाकतील का?

रानवारा | ७ जुलै, रात्री ११:४८

ताई, माझी मुलगी दुसरीत आहे आणि तुम्ही लिहिलेलं निम्मं तिचंच वाटलं. मदत करण्याइतकं मला माहीत नाही. धागा वाचत राहीन.

पालवी | ८ जुलै, सकाळी ६:३०

मी विशेष शिक्षिका आहे, चौदा वर्षं वाचनात अडखळणाऱ्या मुलांबरोबरच काम करते. नुसत्या लिहिलेल्यावरून निदान कुणी करू नये, मीही करणार नाही. पण तपासणी करावी का, याचं उत्तर हो असंच आहे. यंदाच करा, पाचवीची वाट बघू नका.

आधी डोळे आणि कान. फळा दिसतो म्हणून डोळे चांगले असं धरू नका, जवळचं वाचताना वेगळा त्रास असू शकतो. लहानपणी वारंवार कान वाहिला असेल तर प-ब, त-द यांतला फरकच नीट ऐकू आलेला नसतो. हे दोन कागद हातात नसले तर पुढच्या टेबलावरून तुम्हाला परत पाठवतात आणि एक फेरी फुकट जाते.

मग डॉक्टर मुलाचा जन्मापासूनचा इतिहास विचारतात. कधी बोलायला लागला, फिट आली होती का, एका जागी बसतो का, घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होता का. तुमच्या सासूबाई जे म्हणाल्या ते इथे नक्की सांगा. डिस्लेक्सिया घराण्यातून येतो, वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. चंचलता बरेचदा जोडीला असते. कधी तर वाचता येत नाही म्हणूनच लक्ष उडतं. यातलं कुठलं आधीचं ते वेगळं काढावं लागतं.

त्यानंतर बुद्धिमापन. आयक्यू शब्द ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो, पण त्यात पास-नापास नसतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मॅलिनची चाचणी वापरतात, ती नागपुरात तयार झाली. बिने-कामत चाचणीही वापरतात, ती कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली होती. ठोकळे जुळवणं, चित्रात काय राहिलं ते सांगणं, आकडे उलटे म्हणणं, असं चालतं. बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन मागे आहे, हे त्यातून ठरतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आयक्यू ८५ च्या वर असला तर पुढच्या चाचण्या करा असं लिहिलं होतं.

शेवटची शैक्षणिक चाचणी, म्हणजे निमहान्सची. बंगळुरूच्या त्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत ती बनली. वाचन, शुद्धलेखन, आकलन, गणित, आकृती उतरवणं, स्मरण असे भाग असतात. चौथीतलं मूल पहिलीच्या पातळीवर वाचत असेल तर तो फरक तिथे आकड्यात दिसतो.

हे सगळं एका दिवसात उरकत नाही. तीन-चार फेऱ्या धरून चाला. आणि जो कुणी अर्ध्या तासात मोबाईलवर टेस्ट करून रिपोर्ट देतो म्हणेल, त्याच्या नादी लागू नका.

भाषेचंही सांगते. मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत तपासणी व्हायला हवी, आग्रह धरा. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी परिच्छेद वाचायला दिला तर त्याला इंग्रजी येत नाही एवढंच कळेल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचा चाचण्यांचा संच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. जिथे जाल तिथे विचारून बघा, मराठीतलं साहित्य आहे का म्हणून.

आपल्या लिपीची एक खोड आहे, ती बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि तोंडात तिचा आवाज नंतर येतो. रफार वर चढतो पण उच्चार त्या अक्षराच्या आधी. मोठ्यांच्या हे लक्षातही राहत नाही, या मुलांची मात्र तिथेच गाडी अडते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजू नका, त्या निम्मा महाराष्ट्र करतो. अख्खी मात्रा गळते का, अक्षरांचा क्रम उलटतो का, ओळखीचा शब्द पुन्हा अनोळखी होतो का, हे बघा. तुमच्या वर्णनात तिन्ही आहे.

झुंजार | ८ जुलै, सकाळी ९:१५

कुणाला वाईट वाटेल, पण मनापासून वाटतं ते लिहितो. आमच्या वर्गात पासष्ट मुलं होती. सगळी वाचायला शिकली. कुणाला डिस्लेक्सिया नव्हता. आता प्रत्येक मुलाला काहीतरी नाव द्यायचं चाललंय. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, मोबाईल बंद करा, सहा महिन्यांत फरक दिसेल. मुलाच्या डोक्यात 'मला आजार आहे' हे एकदा बसलं की तो प्रयत्न सोडेल, ही माझी खरी भीती आहे.

उशिरा_वाचणारा | ८ जुलै, रात्री ९:०५

हा मजकूर मी बोलून टाईप केलाय आणि बायकोने तपासलाय. मी इचलकरंजीचा, वय एक्केचाळीस, यंत्रमाग दुरुस्त करतो.

झुंजार साहेब, तुमच्या वर्गातल्या पासष्टांत मी होतो. माझ्यासारखा कुणीतरी होता. शेवटच्या बाकावर. तो वाचायला शिकला असं तुम्हाला वाटतं, कारण तो पाठ करायचा. मी धडेच्या धडे पाठ करायचो. शेजारचा एकदा मोठ्याने वाचायचा, मी ऐकायचो, आणि गुरुजींनी उभं केलं की पुस्तकाकडे बघत म्हणून दाखवायचो. पान भलतंच उघडलेलं असायचं. चौथीत पकडलो गेलो. त्यानंतर अख्खं वर्ष कोंबडा होऊन काढलं.

अक्षरं नाचतात असं लोक म्हणतात. माझी नाचत नव्हती. मला ती स्पष्ट दिसायची. पण बघितल्यावर आवाज यायला हवा ना, तो यायचाच नाही. एखाद्याचा चेहरा ओळखीचा असतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तसं. प्रत्येक शब्दाला तसं.

दहावी दोनदा नापास झालो आणि मागाच्या शेडमध्ये गेलो. तिथे पहिल्या महिन्यात उस्ताद म्हणाले, याला आवाजावरून कळतं कुठला भाग झिजलाय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार म्हटलं. एकोणीस वर्षांचा होतो.

मला नाव मिळालं ते अडतिसाव्या वर्षी. मुलीची तपासणी करायला गेलो होतो. तिथल्या मॅडम मुलीचे प्रश्न विचारत होत्या आणि मी प्रत्येक प्रश्नाला मनात हो म्हणत होतो. बाहेर येऊन मी जिन्यावर बसलो. बायको म्हणाली काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मी गाढव नव्हतो.

नाव मिळालं म्हणून प्रयत्न सुटत नाही साहेब. नाव नव्हतं तेव्हाच सुटला होता.

ताई, मारल्याचं मनाला लावून घेऊ नका. पण परत मारू नका. 'ध' दिसला की माझ्या पोटात अजून कालवतं.

झुंजार | ८ जुलै, रात्री १०:२०

दादा, तुमचं वाचून गप्प बसलो बराच वेळ. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. पाचवीनंतर तो शाळेत आला नाही. कुठे गेला हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि सकाळी लिहिताना तो मला आठवलाही नाही. माझा सकाळचा प्रतिसाद मागे घेतो.

ठाणेकर_बाबा | ९ जुलै, दुपारी १:३०

मुंबई-ठाण्यातल्यांसाठी लिहितो. सायन, केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत एलडीची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची, तपासणी होते; डिस्लेक्सिया त्यातलाच. खर्च खासगीच्या मानाने अगदी कमी. फक्त रांग मोठी असते, म्हणून नंबर आजच लावा.

दोन कागदांत गोंधळ करू नका. एक तपासणीचा अहवाल, दुसरं प्रमाणपत्र. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल शिकवणाऱ्याला उपयोगी पडतो, पण दहावीच्या बोर्डाला सवलतींसाठी सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्रच लागतं. आम्ही आधी खासगीत सगळं केलं आणि ते बोर्डाला चालेल असं समजून निर्धास्त राहिलो. मुलगी नववीत गेल्यावर शाळेने सांगितलं, चालत नाही. मग एका सरकारी रुग्णालयात नंबर लावला, तारीख कित्येक महिन्यांनंतरची. ऐन दहावीच्या वर्षात पोरीला घेऊन त्या बाकांवर बसलो. एकदा सही करणारे डॉक्टर रजेवर, एकदा शाळेच्या पत्रावर शिक्का नाही. ती तिथे बसून भूगोल पाठ करायची आणि मी दुसरीकडे तोंड फिरवायचो.

प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, आधी नाही. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि अठराव्याचं कायमचं, असा २०१८ चा नियम होता, अर्जाच्या वेळी आत्ताचा विचारून घ्या. तुमचा मुलगा नऊचा आहे म्हणजे आत्ताच अर्ज करता येईल. अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, त्याचंच पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, होतं.

परीक्षेत जादा वेळ मिळतो, तासामागे वीस मिनिटं. लेखनिक घेता येतो. शुद्धलेखनाच्या चुकांना गुण कापत नाहीत. माझ्या मुलीने लेखनिक नाकारला, फक्त वेळ घेतला. तेवढ्याने ती पेपर पूर्ण लिहू शकली, त्याआधी कधीच लिहू शकली नव्हती.

फळा_खडू | ९ जुलै, रात्री ८:५०

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, एकटीच. कृष्णाकाठ ताई, तुमच्या बाई वाईट असतील असं नाही. आम्हाला डीएडला या विषयावर एक धडा होता, तो परीक्षेपुरता. माझ्या हातूनही अशी मुलं निसटली आहेत, त्यातली दोन मला नावानिशी आठवतात.

खेड्यात राहणाऱ्यांसाठी वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. गाडीतून डॉक्टर, नर्स येतात, वजन-उंची घेतात, तेच. त्यांच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे. आपण सांगितलं नाही तर ते दात आणि डोळे बघून जातात. वर्गशिक्षिकेकडून मुलाचं नाव त्या यादीत घालून घ्या. तिथून चिठ्ठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाते. तिथे मुलांची तपासणी मोफत असते.

दुसरं, तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना भेटा. एका शिक्षकाकडे बऱ्याच शाळा असतात, त्यामुळे रोज येणार नाहीत, पण वर्गात काय बदलायचं ते तुमच्या बाईंना सांगू शकतील. पालकाने सांगितलेलं आणि गट साधन केंद्रातून आलेल्याने सांगितलेलं, यात शाळेच्या लेखी फरक असतो.

काढून टाकण्याची भीती मनातून काढा. शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. उलट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलंय की सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर उपाय करायचे. म्हणजे जे तुम्ही घाबरत मागताय ते खरं तर शाळेने स्वतःहून करायचं काम आहे.

त्रेपन्नचं सांगते. मराठीत आधी तीन ऐकू येतो, मग पन्नास. लिहायचं मात्र ५ आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मला ते वर्गात उपयोगी पडलं. तुमच्या मुलाला आधी 'पन्नास तीन' म्हणू द्या, लिहू द्या, मग शेजारी त्रेपन्न म्हणा. फक्त या उलट्या आकड्यावरून गणितातही अक्षमता आहे असं धरू नका, आपल्या भाषेत ती चूक बरीच मुलं करतात.

कृष्णाकाठ | १२ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. इचलकरंजीच्या दादांचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला.

डोळे तपासले. थोडा नंबर आहे, चष्मा करायला टाकलाय. डॉक्टर म्हणाले एवढ्या नंबराने वाचता येऊ नये असं होणार नाही. कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात.

शाळेत गेले होते. मुख्याध्यापक म्हणाले, आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू. रुग्णालयात फोन केला तर ते म्हणतात, आधी शाळेचं पत्र आणा. आणि घरी मिस्टर म्हणतात, तपासणी करायची तर कर, पण सर्टिफिकेट नको. दिव्यांगाचा शिक्का माझ्या पोराला नको. ते भांडून नाही म्हणाले, हळू म्हणाले, म्हणून मला उत्तर देता आलं नाही.

पालवी | १३ जुलै, सकाळी ६:१५

शाळेला लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं की तोंडी नकार मिळतो. साधा कागद. मुलाचं नाव, इयत्ता, वाचन-लेखनात अडचण दिसते, तपासणीसाठी वर्गशिक्षकांचं निरीक्षण आणि शाळेचं पत्र द्यावं. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पत्रात बाईंनी फार काही लिहायचं नसतं. वर्गात काय दिसतं एवढंच.

मुलाच्या वह्या न्या, नीटनेटक्या निवडून नको. खोडलेली, फाटकी, लाल शेऱ्यांची, तीच न्या. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, जन्मदाखला, आधार कार्ड, फोटो, चष्म्याचा आणि कानाचा कागद.

शिक्क्याबद्दल. तपासणी आणि प्रमाणपत्र वेगळं, हे मुलाच्या बाबांना सांगा. आज तपासणी करून घ्या. कसं शिकवायचं ते त्यातून कळतं, आणि ती गरज आजची आहे. प्रमाणपत्राचं त्यांना वर्षभराने ठरवू दे. मात्र नववीपर्यंत नेऊ नका, ठाण्याच्या दादांनी लिहिलंय ते मी कितीतरी घरांत पाहिलंय. शिक्का तर त्याला वर्गात बसलेलाच आहे, ताई. 'लक्ष देत नाही' हा शिक्काच आहे, आणि तो चुकीचा आहे.

तारीख मिळेपर्यंत घरी एवढं करा. दोन तास बंद. पंधरा मिनिटं, रोज, जेवणाआधी. त्यात पहिली पाच मिनिटं पुस्तक नाहीच, कानाचा खेळ. 'कमळ'मधून क काढला तर काय उरलं? 'पाट'मधल्या ट चा ठ केला तर? हे तोंडी. अक्षर ऐकू आलं की मग बघायचं. पुढची पाच मिनिटं एकच अक्षर, ताटात रवा पसरून बोटाने काढायचं, काढताना आवाज मोठ्याने. ब आणि व एका दिवशी घेऊ नका, एका आठवड्यातही नको. ब पक्का होऊ दे, मग व. बहुतेक शिकवण्यांत दोन्ही शेजारी ठेवून 'फरक बघ' म्हणतात, त्याने गल्लत वाढते. शेवटची पाच मिनिटं तुम्ही वाचा, त्याने ऐकत ओळीवर बोट फिरवायचं. त्याला विचारायचं नाही, थांबवायचं नाही.

आणि बाईंना एकच विनंती करा. वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

हडसनकाठी | १३ जुलै, रात्री ११:५५

मी न्यू जर्सीत असते. इथेही पालकाने शाळेला लेखी मागणी करणं हीच पहिली पायरी असते, तपासणी सरकारी शाळा स्वतःच्या खर्चाने करते. माझ्या मुलाच्या वेळी शाळा म्हणाली, घरी मराठी बोलता म्हणून इंग्रजी वाचन मागे आहे, घरी इंग्रजी बोला. मी मराठी सोडली नाही. त्याला मराठीतही आवाज सुटे करता येत नव्हते, 'कमळ'सारखाच खेळ मी करून बघितला होता, ते तपासणाऱ्या बाईंना सांगितलं. भाषा दोन असल्याने डिस्लेक्सिया होत नाही. घरची भाषा तोडू नका, कुणीही सांगितलं तरी.

उशिरा_वाचणारा | १४ जुलै, रात्री ९:४०

ताई, तुमच्या मिस्टरांना म्हणावं, इचलकरंजीला कधी आलात तर शेडवर या. चहा घेऊ. सर्टिफिकेटबद्दल मी काही बोलणार नाही. सहावीपर्यंत कसं काढलं एवढंच विचारीन. मला ते कुणीच विचारलं नव्हतं.

रानवारा | २ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी मुलीचं नाव बाल स्वास्थ्यच्या यादीत घालून घेतलं. फळा_खडू ताई, आमच्या बाईंना ते माहीतच नव्हतं, त्यांनी वर्गातली आणखी तीन नावं घातली. मुलगी सात वर्षांची आहे, म्हणून प्रमाणपत्र आत्ता नाही. मदत मात्र सुरू करा असं सांगितलंय.

कृष्णाकाठ | १९ सप्टेंबर, रात्री १०:०५

दोन महिन्यांनी लिहिते आहे. तीन फेऱ्या झाल्या.

पोच घेतलेल्या अर्जाने शाळेचं पत्र आठ दिवसांत मिळालं. बाईंनी पत्रात स्वतःहून एक ओळ घातली होती, 'तोंडी प्रश्नांची उत्तरे वर्गात सर्वांत आधी देतो.' मी ती वाचून त्यांच्याकडे बघितलं तर त्या खिडकीकडे बघत होत्या.

पहिल्या फेरीला मी आणि तो गेलो. दुसऱ्या फेरीच्या आदल्या रात्री मिस्टरांनी विचारलं, किती वाजताची एसटी? इतिहास घेणाऱ्या डॉक्टरांनी घरात कुणाला असा त्रास होता का विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, मला. मग खुर्ची पुढे ओढून सांगत राहिले. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातलं बरंचसं मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं. मुलगा शेजारीच बसला होता, चष्म्याची काच पुसत.

ठोकळ्यांची चाचणी त्याला इतकी आवडली की तो मॅडमना म्हणाला, अजून अवघड द्या. वाचनाच्या चाचणीला गप्प झाला. मॅडम घाई करत नव्हत्या. मराठी परिच्छेदच दिला होता, मी आधी विचारून ठेवलं होतं. मधे एकदा म्हणाल्या, दमलास का, पाणी पिऊन ये. तो पाणी पिऊन आला आणि परत बसला. घरी तो कधी परत बसत नाही.

अहवाल आला. बुद्धी सरासरीपेक्षा थोडी वर, वाचन आणि लेखन पहिलीच्या पातळीवर. गणितात अक्षमता नाही, शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं की तो सोडवतो. निदान डिस्लेक्सियाचं, लेखनाच्या अडचणीसह. मला रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली होती, स्टँडवर तिघांनी मिसळ खाल्ली.

स्वावलंबनचा अर्ज मिस्टरांनीच भरला, बोट ठेवून, एकेक रकाना. प्रमाणपत्राच्या पुढच्या कामासाठी ऑक्टोबरमधली तारीख आहे.

घरचं सांगते. पालवीताई, रव्याला मुंग्या यायला लागल्या म्हणून आम्ही नदीची वाळू आणली, ती बरी पडते. ब पक्का झाला, व सुरू आहे. रात्री शेवटची पाच मिनिटं आता त्याचे बाबा वाचतात. ते हळू वाचतात, त्यामुळे त्याचं बोट बरोबर जागेवर राहतं, माझ्या वाचण्याला ते मागे पडायचं. बाईंनी त्याला वर्गात उभं करणं बंद केलंय. श्रुतलेखनाला अजून पोट दुखतं, पण आता तो ते आधी सांगतो.

एक विचारायचं होतं. जोडाक्षरं कधी सुरू करायची? चौथीच्या पुस्तकात ती ओळीओळीला आहेत आणि शाळा थांबणार नाही.

पालवी | २० सप्टेंबर, सकाळी ६:२०

बाबांनाच वाचू दे, त्यात बदल करू नका.

जोडाक्षरं आत्ता नको. आधी काना, मग पहिली-दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, या क्रमाने दिवाळीपर्यंत चला. त्यानंतर जोडाक्षरांत सुरुवात 'पक्का', 'कच्चा', 'दिल्ली' अशा एकाच अक्षराच्या जोडीने करा, ती कानाला आधी फुटतात. 'स्त', 'म्ह' त्यानंतर. रफार आणि 'प्र', 'ट्र' सगळ्यात शेवटी. तोवर शाळेचे धडे त्याला वाचून दाखवा आणि उत्तरं तोंडी घ्या, म्हणजे विषय मागे पडणार नाही. बाईंना अहवालाची झेरॉक्स द्या, शेवटच्या पानावरच्या शिफारशी पेन्सिलने खूण करून द्या. वाळू धुऊन वाळवून घ्या, खडे टोचतात.